अकरा सायटेशन

केमिकल इंजिनियरिंगच्या थर्ड इयरच्या बॅचचं मास ट्रान्सफरचं प्रॅक्टिकल चालू होतं. पॅक्ड कॉलमच्या खालून कार्बन डायऑक्साइड सोडायचा, वरून कॉस्टिकचं पातळ द्रावण, आणि तळाशी जे बाहेर पडतं त्याचं सॅम्पल दर काही मिनिटांनी काढून टायट्रेट करायचं. दोन मुली ब्युरेटला चिकटून फिनॉल्फ्थॅलिनचा गुलाबी रंग कधी जातो ते बघत होत्या, एक जण प्रवाह मोजणाऱ्या रोटामीटरच्या काचेवर टिचक्या मारून अडकलेला फ्लोट सोडवत होता, आणि उरलेली मंडळी नेहमीसारखी भिंतीला टेकून मोबाइलमध्ये. त्यातल्याच एकाने मान वर न करता विचारलं, "मॅम, तुमचे सायटेशन अकराच आहेत का? की दुसरं प्रोफाइल आहे?"

उद्धट नव्हता हो तो. खरंच माहिती हवी होती त्याला. सायटेशन म्हणजे आपल्या पेपरचा कुणी दुसऱ्या पेपरात केलेला उल्लेख, आणि गूगल स्कॉलरच्या प्रोफाइलवर ते कुणालाही मोजता येतात. मी म्हटलं, एकच प्रोफाइल आहे, आणि तू तिकडे बघ, त्यांचा एंड पॉइंट होऊन गेला. तो गेला बघायला. विषय संपला. म्हणजे त्याचा संपला. मी संध्याकाळी बसमध्ये खिडकीशी बसले, कारखान्याचा सीझन चालू असल्याने मळीचा तो गोडसर आंबूस वास सगळ्या रस्त्याला भरून राहिलेला, आणि डोक्यात आपलं तेच, अकराच. त्या 'च'चं काय करायचं ते कळेना. वीसेक वर्षं शिकवतेय, माझ्या हाताखालून गेलेली पोरं गुजरातेतल्या दहेजपासून ह्यूस्टनपर्यंत पसरलीत, आणि हा पोरगा मला दोन आकड्यांत बघतोय, तेही कसेबसे दोन आकडे. राग आला असं म्हणवत नाही, कारण मी स्वतःही हेच करते. कुठला नवीन पाहुणा लेक्चरला येणार असला की आधी त्याचं गूगल स्कॉलर उघडून बघते, आणि आकडा मोठा असला की खुर्चीत जरा नीट बसते.

आता त्या अकरातला प्रत्येक जण मला तोंडपाठ आहे हे कुणाला सांगू नका. एक माझाच आहे, म्हणजे माझ्या दुसऱ्या पेपरात मीच पहिल्याचा उल्लेख केलेला. दोन आमच्याच विद्यापीठातल्या ओळखीच्या मंडळींचे. काही असे की वाक्याच्या शेवटी चौकटी कंसात पाच पेपरचे नंबर एकदम, त्यात माझा मधला, म्हणजे त्या माणसाने तो उघडला असेल की नाही देव जाणे. आणि एक ब्राझीलमधला. त्यांच्याकडेही ऊस, त्यांच्याकडेही चिपाडं, आणि त्यांनी माझ्या टेबलातला एक आकडा घेऊन त्यांच्या आकड्याशी लावून बघितला होता, जुळत नव्हता, तर का जुळत नसावा यावर अख्खा परिच्छेद लिहिला होता. तो मेल अलर्ट आला तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते, मी कणीक मळून ठेवत होते, हात तसेच धुतले न धुतले आणि तो परिच्छेद उभ्याउभ्या तीनदा वाचला. जगाच्या त्या टोकाला कुणीतरी माझ्या चिपाडांशी भांडत होतं! हा आनंद खोटा नव्हता. म्हणून सायटेशन म्हणजे सगळा फालतूपणा असं कुणी चहा पिताना म्हणायला लागलं की मी गप्प बसते.

पेपर कशावर, तर उसाच्या चिपाडाने पाण्यातला मिथिलीन ब्लू हा निळा रंग शोषून घेणे. केमिकलवाले हे वाचून आत्ता हसले असणार. आपल्या देशात मिथिलीन ब्लू काय कशाने शोषून घेतलं नाहीये! केळीची सालं, नारळाच्या शेंड्या, भुईमुगाची टरफलं, चिंचोके, तांदळाचा कोंडा, मक्याची कणसं. जो जिल्हा त्याचं पीक, आणि त्या पिकाचा एक तरी पेपर. आमच्या भागात ऊस म्हणून मी ऊस. चिपाडं धुवायची, वाळवायची, दळायची, चाळायची, मग एकेक ग्रॅम वजन करून निळ्या पाण्यात टाकून शेकरवर ठेवायची, आणि ठराविक वेळाने गाळून, पाण्यात किती रंग उरला त्याचं स्पेक्ट्रोफोटोमीटरला ६६४ नॅनोमीटरवर रीडिंग. ते निळं एकदा हाताला लागलं की लागलं. नखांच्या कडा, ॲप्रनचे खिसे, लॅबच्या बेसिनचा पांढरा चिनीमातीचा कठडा, सगळीकडे निळं. एका लग्नात हातावरच्या मेंदीच्या शेजारी निळी बोटं बघून एका मावशींनी विचारलं होतं, शाळेत चित्रकला शिकवतेस का गं. नोकरी सांभाळून पीएचडी म्हणजे काय असतं ते केलेल्यालाच माहीत, दर सहा महिन्यांनी प्रोग्रेस रिपोर्ट, कमिटीपुढे तीच स्लाइड, तोच प्रश्न की यात नावीन्य काय, आणि बाहेर आल्यावर त्याच दिवशी प्रथम वर्षाच्या तीन वर्गांचे पेपर तपासायला.

पण ही मोजामोज आमच्या सुरुवातीला अशी नव्हतीच. मी लागले तेव्हा प्रमोशन म्हणजे वर्षं भरली की मिळायचं किंवा ओळख असली की मिळायचं. मग २००५ साली हर्श नावाच्या एका भौतिकशास्त्रज्ञाने तो एच-इंडेक्स काढला, म्हणजे पेपर आणि सायटेशन मिळून माणसाला एकच आकडा, आणि २०१० मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, प्रमोशनसाठी एपीआय ही पॉइंटची पद्धत आणली, पेपरला इतके पॉइंट, कॉन्फरन्सला इतके, पुस्तकाच्या प्रकरणाला इतके. आणि एका रात्रीत, खरंच सांगते, स्टाफरूममधली भाषा बदलली. आधी लोक एकमेकांना विचारायचे की यंदा कुठला विषय घेतलास, आता विचारायला लागले की किती झाले. जिथे पॉइंट तिथे दुकान उघडणारच. 'डिअर एमिनेंट प्रोफेसर, ग्रीटिंग्ज ऑफ द डे' अशी सुरुवात करून चार दिवसांत पेपर छापून देणारी जर्नल्स कुठून कुठून उगवली. पैसे भरा, सर्टिफिकेट घ्या. पुण्यातल्या काही संशोधकांनी यूजीसीच्या मान्य जर्नल्सच्या यादीतली, विद्यापीठांनी सुचवलेली हजारएक जर्नल्स तपासली होती, त्यातली ८८ टक्क्यांहून जास्त संशयास्पद निघाली, 'करंट सायन्स'मध्ये छापून आलं होतं ते. २०१८ मध्ये यूजीसीने त्या यादीतून ४३०५ जर्नल्स एका फटक्यात उडवली. त्या दिवशी किती स्टाफरूममध्ये किती चेहरे पडले असतील याचा विचार करा, कारण त्यातले सगळेच काही लबाड नव्हते, बऱ्याच जणांना खरंच वाटत होतं की आपला पेपर इंटरनॅशनल जर्नलला आला, पेढे वाटले होते त्यांनी.

मग आली पेटंट. आता पेटंट म्हटलं की बाहेरच्या माणसाला वाटतं, बापरे, शोध लावला! खरं तर अर्ज केला की तो अठरा महिन्यांनी आपोआप पेटंट ऑफिसच्या जर्नलमध्ये प्रसिद्ध होतो, लवकर हवा असेल तर जास्तीचे पैसे भरून लवकर. त्याला म्हणायचं 'पेटंट पब्लिश्ड'. तपासणी, आक्षेप, मंजुरी हे सगळं नंतरचं, आणि ते बहुतेकांना नकोच असतं, कारण बायोडेटात 'पब्लिश्ड'वर भागतं. २०२१ पासून शिक्षणसंस्थांना फीमध्ये ८० टक्के सवलत मिळाली, हेतू चांगलाच होता, पण त्यानंतर जो पूर आला तो आला. स्मार्ट डस्टबिन, स्मार्ट काठी, स्मार्ट हेल्मेट. आठ आठ जणांची नावं एका अर्जावर, त्यातल्या दोघांनी तरी ती डस्टबिन बघितलेली असेल असं धरून चालू.

हर्श बिचारा. २०२० मध्ये त्याने स्वतःच लिहिलं की या आकड्याचे असे वाईट परिणाम होतील हे आपल्या ध्यानातच आलं नव्हतं.

तर त्या बसमध्ये मला आठवत होतं ते वेगळंच. ज्या कॉलमसमोर उभं राहून पोराने मला माझे सायटेशन विचारले, त्या कॉलमचाच इतिहास. पॅक्ड कॉलम म्हणजे काचेची उभी नळी, त्यात चिनीमातीच्या छोट्या छोट्या पोकळ रिंगा कशाही ओतलेल्या. पाणी त्यांच्यावरून पातळ थर करून खाली उतरतं, गॅस त्यांच्या मधून वर चढतो. आता वायू आणि पाणी नेमक्या किती पृष्ठभागावर एकमेकांना भेटतात हे मोजायचं कसं? पट्टी लावून तर येत नाही. काही रिंगा ओल्या, काही कोरड्या, काहींच्या मागे पाणी नुसतं साचून राहिलेलं. तर युक्ती अशी की जिचा वेग आपल्याला पक्का माहीत आहे अशी रासायनिक क्रिया त्यात घडवायची, गॅस किती गेला ते टायट्रेशनने मोजायचं, आणि त्यावरून उलटं गणित करून पृष्ठभाग काढायचा. किती साधं आणि किती हुशार! हे काम केंब्रिजचे डँकवर्ट्स आणि त्यांचे विद्यार्थी मनमोहन शर्मा यांच्या नावाशी जोडलेलं आहे. डँकवर्ट्स हा माणूसही अफाट, दुसऱ्या महायुद्धात लंडनवर पॅराशूटने टाकलेले माइन्स निकामी करायचा, त्यासाठी १९४० साली जॉर्ज क्रॉस मिळालेला. असा हात न थरथरणारा गाइड. आणि शर्मा सर जोधपूरचे, शिकले माटुंग्याला मुंबई विद्यापीठाच्या केमिकल टेक्नॉलॉजी विभागात, म्हणजे यूडीसीटीत, तिथून केंब्रिज, आणि १९६४ मध्ये परत माटुंग्याला, सत्ताविसाव्या वर्षी थेट प्रोफेसर. सत्ताविसाव्या वर्षी! आमच्याकडे त्या वयात माणूस तासिका तत्त्वावर असतो आणि सुट्टीतला पगार मिळेल का विचारत असतो.

१९६६ साली त्या दोघांनी मिळून कार्बन डायऑक्साइड अल्कली आणि अमाइन या अमोनियाच्या गोतावळ्यातल्या रसायनांमध्ये कसा शोषला जातो यावर एक लेख लिहिला. तेव्हा तो विषय खतांच्या कारखान्यासारख्या ठिकाणी गॅस साफ करण्यापुरता होता. आता हवामानबदलाच्या काळात धुरांड्यातला कार्बन डायऑक्साइड पकडायचा म्हणून जगभर जे प्लांट उभे करतायत त्यातही शेवटी तेच, अमाइन आणि पॅकिंग. शर्मा सर १९९० मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले. त्यांच्याच हाताखाली माशेलकरांनी १९६९ मध्ये पीएचडी केली, जे. बी. जोशी, जी. डी. यादव हे पुढे नाव काढलेले केमिकल इंजिनियरही त्यांचेच. म्हणजे माटुंग्याच्या एका खोलीतून केवढं काय निघालं. आणि आमच्या लॅब मॅन्युअलमध्ये त्या प्रयोगावर ऑब्जेक्ट, ॲपरेटस, थिअरी, प्रोसिजर, ऑब्झर्वेशन टेबल असं सगळं आहे, पण यातलं एकही नाव नाही. पोरं ते कॉपी करून प्रॅक्टिकलचं जर्नल पूर्ण करतात, मी सही करते. एखादं काम इतकं मुरतं की सायटेशन देण्याची गरजच कुणाला वाटत नाही. हा मान आहे की विस्मरण, मला खरंच ठरवता येत नाही. दोन्ही असेल. बाकी सरांच्या नावावर पेपर आणि मान दोन्ही भरपूर आहेत, त्यांना माझ्या सहानुभूतीची काही गरज नाही.

मला जास्त वाटतं ते आमच्या सरांबद्दल. नाव नाही सांगत, त्यांना आवडणार नाही. वसंतदादांच्या काळात निघालेल्या विनाअनुदानित कॉलेजांपैकी एकात मी शिकले, तिथे सर मास ट्रान्सफर शिकवायचे. डिस्टिलेशन कॉलमला किती प्लेट लागतील ते काढायचा मॅककेब-थीलेचा आलेख फळ्यावर मोकळ्या हाताने काढायचे, वक्ररेषा अशी की पट्टी लावायची हिंमत होऊ नये, आणि मग एकेक पायरी उतरत जायचे, खडू टक टक टक, आणि प्रत्येक पायरीला विचारायचे, इथे प्लेटवर काय चाललंय ते डोळ्यांसमोर आणा, उकळतंय, बुडबुडे येतायत, हलकं वर चाललंय, जड खाली. आम्ही आणायचो. आजही डिस्टिलेशन कॉलम बघितला की मला आधी खडूचा आवाज येतो. सरांच्या घरी संध्याकाळी लँडलाइन वाजायचा, महाडहून, लोट्याहून, जुने विद्यार्थी, प्लांटमधून. सर, कॉलम फ्लड होतोय, आत तुंबतोय. सर शांतपणे विचारायचे, डीपी, म्हणजे वरच्या-खालच्या दाबातला फरक, वाढतोय का, कधीपासून, रिबॉयलरची स्टीम कमी करून बघितलीस का, पॅकिंग शेवटचं कधी उघडलं होतं. अर्धा तास. फोन ठेवला की काकू म्हणायच्या, यांचं बिल कोण देणार. सरांनी आयुष्यात एक पेपर लिहिला नाही. पीएचडी नव्हती म्हणून पुढचं पद मिळालं नाही, आणि आजच्या नियमात तर असोसिएट प्रोफेसरच्या दारापर्यंतही गेले नसते.

हे लिहून झाल्यावर वाटतं की आता जुने मास्तर थोर आणि आजचे आकडेबाज असं म्हणून मोकळं व्हावं. पण त्याच कॉलेजात, त्याच मजल्यावर, दुसरेही एक सर होते. पिवळ्या पडलेल्या वहीतून डिक्टेट करायचे. त्यांच्या वहीतला एक आकडा चुकीचा होता, आमच्या आधीच्या कितीतरी बॅचेस तोच चुकीचा आकडा लिहून पास झाल्या होत्या, आणि कुणी विचारलं तर टर्मवर्कच्या मार्कांची भीती दाखवायचे. नवीन काही वाचलेलं नाही, लॅबमध्ये पाय नाही. त्यांनाही वेळेवर सगळं मिळालं. मोजणी सुरू करावी असं कुणाला तरी वाटलं असेल तर ते अशा माणसांकडे बघूनच वाटलं असणार, आणि वाटलं ते बरोबरच होतं. फक्त झालं असं की आज त्या दुसऱ्या सरांच्या जातीच्या माणसाकडे चाळीस पेपर आणि बारा पेटंट असतात. मोजमाप त्याच्यासाठी आणलं, आणि तेच त्याला सगळ्यात आधी जमलं. अडकले ते आमचे पहिले सर, कारण त्यांचा वेळ विद्यार्थ्यांच्या फोनवर गेला.

तो पोरगा परत आला आठवड्याने, केबिनमध्ये. फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी गाइड निवडायचा होता आणि म्हणून तो सगळ्यांची प्रोफाइल बघत होता. जर्मनीला एमएस करायचंय, कन्सल्टंटने सांगितलंय की एक तरी पेपर पाहिजे. "मॅम, तुमच्याकडे प्रोजेक्ट केला तर पेपर निघेल ना?" वीस वर्षांचा आहे. आम्हाला पॉइंट लागले तेव्हा आम्ही निदान पस्तिशीत होतो. मी त्याला म्हटलं, निघेल की नाही माहीत नाही, पण हात निळे होतील. तो म्हणाला, चालेल. मग जरा थांबून, निळे का?

त्याला जे सांगितलं ते इथेही सांगते, कारण हे आमच्या पेपरांत सहसा कुणी मोठ्याने बोलत नाही. मिथिलीन ब्लूचा रेणू धन भाराचा, चिपाडाचा पृष्ठभाग ऋण भाराचा. ते चिकटणारच. म्हणून तर सगळे मिथिलीन ब्लू घेतात, आलेख सुंदर येतो, शोषणाच्या लँगम्युअर समीकरणात चपखल बसतो. पण सुती कापड रंगवतात ते मुख्यतः रिॲक्टिव्ह डाय वापरून, आणि ते ऋण भाराचे. त्यात पाण्यात ढीगभर मीठ, साबण, स्टार्च. ब्राझीलवाल्यांनी शेवटच्या ओळीत हेच विचारलं होतं, खऱ्या सांडपाण्यावर कुणी करून बघितलंय का. तेव्हापासून ते माझ्या डोक्यात होतं. तर यंदा या पोराला आणि त्याच्या तीन मित्रांना घेऊन मी इचलकरंजीकडच्या एका ओळखीच्या, कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाऊसमधून खरं पाणी आणलं, दोन कॅन, रंग गर्द जांभळट-काळा, आणि त्यात आमची चिपाडं टाकली.

काही झालं नाही. म्हणजे जवळजवळ काहीच नाही. चोवीस तास शेकरवर ठेवूनही पाणी तसंच काळं, चिपाडं मात्र फुगून लगदा झालेली. पोरं हिरमुसली. मला का कोण जाणे, फार बरं वाटलं, इतक्या दिवसांनी लॅबमध्ये असं काहीतरी बघितलं जे आधी माहीत नव्हतं, निदान डोळ्यांनी बघितलेलं नव्हतं. पोरांना म्हटलं आता ॲसिड घालून पीएच खाली आणा, पृष्ठभागाचा भार बदलतोय का बघू, मग मीठ वेगळं काढून बघू. त्यांनी लिहून काढलं सगळं, न जमलेल्या आकड्यांसकट. एका जर्नलला पाठवलंसुद्धा. तीन दिवसांत परत, नावीन्य नाही आणि शोषणक्षमता फार कमी आहे. तीच तर गोष्ट सांगायची होती बाबांनो! दुसरीकडे पाठवू. नाहीच कुठे घेतलं तर पुढच्या वर्षी थर्ड इयरच्या मॅन्युअलमध्ये प्रयोग म्हणून घालणार आहे, शेजारी शेजारी दोन फ्लास्क, एकात मिथिलीन ब्लू, एकात इचलकरंजीचं पाणी. आणि पॅक्ड कॉलमच्या थिअरीतही डँकवर्ट्स आणि शर्मा सरांच्या त्या कामावर दोन ओळी.

मॅन्युअल बदलायचं तर अभ्यासक्रम ठरवणाऱ्या बोर्ड ऑफ स्टडीजची परवानगी लागते का, यावर एचओडींचं आणि माझं अजून चालू आहे. त्यापेक्षा मोठा विरोध लॅबच्या मामांचा आहे. ते दोन कॅन तीन आठवडे लॅबमध्ये होते आणि वास असा की शेजारच्या लॅबवाल्यांनी तक्रार केली. मामांनी परवा स्पष्टच सांगितलं, "मॅडम, दरवर्षी हे पाणी आणणार असाल तर तारीख आधी कळवा. मी तेव्हा गावाला जाईन."